गजबजलेल्या तलावासाठी पॅडलबोर्ड: हवेचा, कडक की टूरिंग?

निवांत, रिकाम्या पाण्यावर जवळपास कुठलाही पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, बरा वाटतो. गजबजलेल्या तलावावर तसं नसतं. मोटरबोटींच्या लाटा दोन-तीन दिशांनी येतात, काठावर आपटून उलट फिरतात आणि एकमेकींत मिसळतात. भोवती पोहणारे असतात, कयाकवाले असतात, नुकतेच उभं राहायला शिकणारेही असतात. अशा ठिकाणी बोर्डाचा वेग दुय्यम. बाजूने लाट आली की तो काय करतो आणि कुणाला धडकला तर काय होतं, हे आधी बघायचं.

समोर पर्याय तीन. एक, साडेदहा ते साडेअकरा फुटी, हवा भरायचा ऑल-राउंड, म्हणजे सर्वसाधारण वापराचा बोर्ड. दोन, त्याच मापाचा कडक, म्हणजे आत फोम आणि वर फायबरग्लास-इपॉक्सीचं कवच. तीन, साडेबारा फुटांच्या आसपासचा, टोकदार नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, लांब पल्ल्यासाठीचा टूरिंग. हा कडकही मिळतो, हवेचाही.

रुंदीचा प्रश्न तिघांनाही लागू आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. सरासरी बांध्याच्या माणसाला अशा पाण्यावर ३२ इंच पुरतात. ३० इंचांवर सराव लागतो. २८ इंची बोर्ड घेतलात तर दुपारचा बराच वेळ गुडघ्यांवर जाईल. पण ‘जितका रुंद तितका चांगला’ हेही खरं नाही: ३४-३५ इंचांवर वल्हं पाण्यात उभं घालता येत नाही, तिरकं पडतं आणि प्रत्येक फटक्याला नाक वळत राहतं. गर्दीत सरळ जाता न येणं हीसुद्धा अडचणच.

स्थिरतेत कडक बोर्ड थोडा पुढे आहे. हवेचे बहुतेक बोर्ड ६ इंच जाड असतात, त्यामुळे तुम्ही पाण्यापासून जास्त उंच उभे राहता. कडक बोर्डावर पाय सहसा पाण्याच्या अधिक जवळ असतात आणि बोर्डाच्या कडाही निमुळत्या असतात, म्हणून बाजूची लाट कमी हिसका देते. पण हवेच्या बोर्डाबद्दलच्या तक्रारींपैकी निम्म्या खरं तर अर्धवट भरलेल्या हवेच्या असाव्यात. बहुतेकांना १२ ते १५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब हवा असतो. हातपंपाने १० च्या पुढे दम निघतो, माणूस ‘झालं असेल’ म्हणून थांबतो आणि मग बोर्ड मध्यभागी लवतो. शिवाय उन्हात भरलेला बोर्ड गार पाण्यात टाकला की दाब उतरतो. उलट भरलेला बोर्ड काठावर उन्हात ठेवला तर दाब चढतो आणि शिवणींवर ताण येतो. दाबमापक असलेला पंप हवाच, विजेवर चालणारा असेल तर उत्तम.

धडकेच्या बाबतीत मात्र पारडं स्पष्टपणे हवेच्या बोर्डाकडे झुकतं. तुम्ही पडता तेव्हा बोर्ड पायाखालून सुटून भलतीकडे उसळतो. इपॉक्सीचं नाक पोहणाऱ्याच्या डोक्याला लागणं आणि हवेची कड लागणं यात फार फरक आहे. धक्क्याच्या लाकडावर किंवा खडकावर आपटल्यावरही तसंच: हवेचा बोर्ड बहुधा नुसता खरचटतो, कडकाचं कवच तडकतं. त्या तड्यातून फोममध्ये पाणी शिरलं की बोर्ड जड होत जातो, म्हणून वाळवून दुरुस्त केल्याशिवाय तो पाण्यात घालायचा नाही.

टूरिंगचं टोकदार नाक पाणी कापत जातं, फटक्यागणिक अंतर जास्त कापलं जातं आणि समोरून येणारी लाट कमी अडवते. पहाटे, बोटी सुटायच्या आत लांब जाऊन यायचं असेल तर ३० इंची टूरिंग घ्या, पस्तावणार नाही. भर दुपारी मात्र त्याची लांबी आड येते. चटकन वळवायचा तर मागे सरकून शेपूट दाबावी लागते आणि नेमक्या त्या क्षणी बाजूने लाट आली तर पाण्यात जाण्याची तयारी ठेवा.

वजनमर्यादेचा छापील आकडा बोर्ड बुडणार नाही एवढंच सांगतो, तो त्या वजनाखाली नीट चालेल असं नाही. तुम्ही, सामान आणि कुत्रा किंवा मूल बरोबर असेल तर तेही धरून, त्या आकड्याच्या दोन-तृतीयांशात राहावं असा माझा ठोकताळा आहे.

काठाजवळ पाणवनस्पती असतील तर ९ इंची उभी फिन, म्हणजे बोर्डाखालचा पर, त्यांत अडकते. मागे झुकलेली आखूड फिन वेगळी घ्या. त्यासाठी फिन बदलता येणारा बोर्ड हवा. लीश, म्हणजे तुम्हाला बोर्डाशी जोडणारी दोरी, गुंडाळी असलेली बरी, ती पाण्यात ओढली जात नाही. लाइफ जॅकेट अंगावर हवं, बोर्डाला बांधलेलं नको. बोर्डाचा रंगही भडक असू द्या: बसलेला किंवा पडलेला माणूस बोटवाल्याला सहज दिसत नाही. पैसे उरत असतील तर ते महागड्या बोर्डापेक्षा हलक्या वल्ह्यात घाला. वल्ह्याची लांबी तुमच्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंटिमीटर जास्त.

म्हणून गर्दीच्या वेळीच जाणार असाल, घरात जागा कमी असेल किंवा मुलंही वापरणार असतील, तर ३२ इंची हवेचा ऑल-राउंड. मात्र तो घडी घालण्याआधी पूर्ण वाळवा, नाहीतर एका तलावातले जीव आणि वनस्पती दुसऱ्यात पोचतात. तलाव घराजवळ, गाडीवर रॅक आणि ठेवायला भिंत असेल तर कडक. टूरिंग फक्त पहाटेवाल्यांनी घ्यावा. आणि निवडलेला बोर्ड आधी भाड्याने मिळत असेल तर तो सुट्टीच्या दिवशी, बोटी जोरात असतानाच घेऊन बघा. सकाळच्या पाण्यावर तिघांतला फरक कळणार नाही.