सोनाराचा छोटा वजनकाटा, सात महिने वापरून

खिशात मावेल एवढा काटा, सोनं तोलायला म्हणून विकतात. ५०० ग्रॅमपर्यंत तोलतो आणि ०.१ ग्रॅमचाही फरक दाखवतो. मी घेतला लेकीच्या जेवणासाठी.

आधीच्या ५ किलोच्या काट्याला १ ग्रॅमच्या खालचं काही कळायचंच नाही. कोथिंबीर टाकली तरी आकडा ढिम्म. आमच्याकडे ३:१चा कीटो आहार, म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम, तर स्निग्ध ३ ग्रॅम. आहारतज्ज्ञ बाईंच्या चिठ्ठीत पनीर ३१.५ असेल तर ३१.५च.

हे बारीक होण्यासाठी नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. लेकीला सकाळी उपाशीपोटी आकडी यायची. फार चाललं की पाय आपोआप वळायचे. खाल्लं की बरं वाटायचं, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच पकडलं. पाठीतलं पाणी (मेंदूभोवती असतं तेच) तपासलं तर साखर ३३, रक्तात ८८. एरवी पाण्यात रक्ताच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असते. मग जनुक-तपासणीत निघालं : पहिल्या गुणसूत्रावरच्या एसएलसी२ए१ जनुकात बदल. रक्तातली साखर मेंदूत पोचवणारं ग्लुट-१ नावाचं प्रथिन त्यामुळे अपुरं पडतं. कीटोन, म्हणजे स्निग्धापासून शरीरात बनणारं मेंदूचं दुसरं इंधन, वेगळ्या वाटेने आत शिरतात, म्हणून हे तूप-लोण्याचं जेवण. आम्हा दोघांत तो बदल सापडला नाही, तिच्यातच नव्याने झालेला. तोवर सासूबाईंनी माझ्या माहेरच्या तीन पिढ्या चाळून झाल्या होत्या, ते असो.

काट्याचं एकच दुखणं, पण रोजचं. ६० सेकंद हात लावला नाही की बंद. पनीर किसेपर्यंत पडदा काळा, आणि पुन्हा चालू केला की वाटीतल्या पनीरसकट सगळं शून्य धरतो. मग पनीर बाहेर काढा, रिकामी वाटी ठेवा, पहिल्यापासून सुरू. शाळेची बस ७.१०ला. आता मी आधी किसून घेते, मगच काटा लावते.

लोण्याचे हात लागून बटणं चिकट होतात, वरून पातळ प्लॅस्टिक गुंडाळा. सेल उतरला की आकडे भरकटतात. म्हणून रोज सकाळी आधी १० रुपयांचं नाणं ठेवते. ७.७ आलं तर स्वयंपाक, नाहीतर नवे सेल.

चार तारे. पाचवा त्या ६० सेकंदांनी खाल्ला.