धुराची पेटी: जुन्या आलिशान गाडीवाल्याने दुसऱ्या स्कॅनरआधी घ्यावी अशी वस्तू

जुनी आलिशान गाडी ठेवणाऱ्याकडे इंजिनाचे बिघाड-कोड वाचणारा स्कॅनर असतोच. एक ब्लूटूथवाला, एक केबलवाला, आणि एक कुणीतरी ‘हा सगळं वाचतो’ म्हणत गळ्यात मारलेला. माझ्याकडेही तिन्ही आहेत. पण माझ्या सहा सिलिंडरच्या म्हाताऱ्या सेडानवरचा फुकटचा खर्च ज्या वस्तूने वाचवला, तिला एकही कोड वाचता येत नाही. ती नुसता धूर सोडते.

स्मोक टेस्टर. ब्रँडचं नाव देत नाही, कारण हीच पेटी, हाच गेज आणि हाच कडक होज पाच-सहा वेगवेगळ्या स्टिकरखाली विकला जातो. आत फार काही नाही: मिनरल ऑइलची छोटी टाकी, ते तेल तापवणारी कॉइल, एक लहानसा एअर पंप. बॅटरीला दोन चिमटे लावायचे, बटण दाबायचं, मिनिटभरात नळीतून दाट पांढरा धूर यायला लागतो. पुढच्या बाजूला प्रेशर गेज, गोळी वर-खाली होणारा फ्लो मीटर आणि एक नॉब. सोबत रबरी शंकू आणि इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेच्या) तोंडात बसवून फुगवायचा एक फुगा.

आता हे जुन्या महागड्या गाड्यांनाच इतकं का लागतं? त्या गाड्यांचं बॉनेट उघडून बघा. साध्या गाडीत एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंत) एक सरळ पाइप असतो. इथे त्याच वाटेवर दोन बेलो (घड्यांचे रबरी पाइप), तीन एल्बो, क्रँककेस ब्रीदरचे (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या भागाचे) फाटे, आयडल व्हॉल्व्हची नळी, ब्रेक बूस्टरचा होज आणि वर शोभेची प्लॅस्टिकची झाकणं, म्हणजे सगळी उष्णता आतच. वीस वर्षं तापून-निवून रबर दगड होतं आणि प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं. मग हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे कुठेतरी चीर पडते आणि न मोजलेली हवा आत शिरते. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगतो, मिश्रण पातळ आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ईसीयू पेट्रोल वाढवत जातो, आणि वाढवायची मर्यादा संपली की चेक इंजिनचा दिवा लावतो. कोड पी०१७१, दोन बँकांचं (सिलिंडरच्या दोन गटांचं) इंजिन असेल तर जोडीला पी०१७४.

इथपर्यंत स्कॅनरचं काम चोख. पुढे बहुतेक लोक फसतात. कोडमध्ये मिश्रण पातळ आहे एवढंच लिहिलेलं असतं, आणि ते सांगणारा ऑक्सिजन सेन्सर, म्हणून बिचाऱ्या सेन्सरचीच उचलबांगडी. माझ्या गाडीला एका वर्कशॉपने दोन्ही बँकांचे पुढचे सेन्सर नवे घालायला सांगितले होते. दोन सेन्सर एकाच वेळी, एकाच दिशेने, सारखंच खोटं बोलायला लागतात हे मला पटेना. माझं रोजचं काम प्रेशर गेज आणि व्हॉल्व्ह यांच्याशी. दोन मीटर एकच आकडा दाखवत असले की आम्ही आधी लाइन तपासतो, मीटर नंतर.

धूर सोडण्याआधी स्कॅनरवर एक गोष्ट बघून घ्यावी, तीही फुकट होते. इंजिन गरम करून आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, वाचायचा. मग अडीच हजार आरपीएमवर थोडा वेळ धरून पुन्हा वाचायचा. आयडलला अधिक पंधरा-वीस टक्के आणि रेव्ह केल्यावर शून्याकडे उतरत असेल तर हवा चोरली जातेय. कारण साधं आहे: आयडलला थ्रॉटल जवळपास बंद, आत खेच सगळ्यात जास्त आणि इंजिन एकूण हवा घेतं थोडी, त्यात चोरीच्या हवेचा वाटा मोठा पडतो. थ्रॉटल उघडलं की तोच वाटा नगण्य. उलट, आयडलला ट्रिम बरा आणि रेव्ह किंवा लोडवर वाढत जात असेल तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा एअर मास सेन्सर (तोच हवा मोजणारा) बघा; धुराची पेटी बाहेरही काढू नका. मैत्रिणीच्या व्ही-८ला हे असंच निघालं आणि तिचं काम फ्युएल फिल्टरवर भागलं.

माझ्या गाडीत ट्रिम आयडलला चढलेला, रेव्हला उतरलेला. थंड इंजिनावर एअर मास सेन्सर काढून बाजूला ठेवला (तेलकट धूर त्याच्या नाजूक एलिमेंटवर बसला तर नवं दुखणं), त्या जागी शंकू दाबून बसवला, आणि पेटी चालू केली. पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. दिसायचं कारणही नाही, कारण आधी सगळा इनटेक आणि ब्रीदरमधून खालचा क्रँककेस भरावा लागतो. फ्लोची गोळी मात्र वरच तरंगत होती. सगळं घट्ट असतं तर भरल्यावर ती खाली बसायला हवी. मग पंखा बंद, गॅरेजचं दार ओढून घेतलेलं, टॉर्च आडवी धरलेली. खालच्या इनटेक बूटच्या (त्याच घड्यांच्या रबरी पाइपच्या) दुसऱ्या घडीतून एक बारीक दोरा वर आला. हाताने बूट थोडा वाकवला तेव्हा दोऱ्याचा पडदा झाला. वरून ती घडी अगदी धडधाकट दिसत होती. चीर होती खालच्या अंगाला, आरसा धरल्याशिवाय नजर पोचणार नाही अशा जागी. डिपस्टिकच्या मुळाशी दुसरी गळती, तिथली ओ-रिंग चपटी होऊन गेलेली. रबराचा एक बूट आणि एक ओ-रिंग. सेन्सर जुनेच आहेत, ट्रिम दोन-तीन टक्क्यांत आला.

यात एक बारकावा विक्रेते सांगत नाहीत. इंजिन थांबतं तेव्हा एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे राहिलेले असू शकतात. मग धूर सरळ सायलेन्सरमधून बाहेर येतो आणि माणूस घाबरतो. पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँक इंजिन फिरतं त्याच दिशेला थोडा फिरवला की तो थांबतो. आणि मुद्दाम सायलेन्सरच्या टोकातूनही धूर सोडून बघावा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटला किंवा सेन्सरच्या आधीच्या जोडाला फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ असल्याचा भास होतो. बूट, ब्रीदर सगळं बदलूनही कोड परत येतो त्यातल्या काही गाड्या इथे सापडतात.

बीएमडब्ल्यूचं एम५४ इंजिन, म्हणजे ई४६, ई३९ आणि ई६० या मॉडेल-कोडच्या गाड्यांमधलं, या पेटीचं आवडतं गिऱ्हाईक. इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेला तेल वेगळं करणारा ब्रीदर आणि त्याच्या ठिसूळ नळ्या, मॅनिफोल्डच्या कुशीतल्या डिसा व्हॉल्व्हची (इनटेकच्या वाटेची लांबी बदलणाऱ्या झडपेची) ओ-रिंग, व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट: सगळ्या जागा धुराने बोलतात. धुराने खात्री केल्याशिवाय, हात जाणार नाही अशा ठिकाणी नुसत्या संशयावर अर्धा दिवस मॅनिफोल्ड उतरवण्याला काही अर्थ नाही. ब्रीदरचा पडदा फाटलाय का हे मात्र पेटीशिवायही कळतं. आयडलवर ऑइलचं झाकण उघडून बघा. जोराने खेच लागत असेल आणि इंजिन गडबडत असेल तर संशय पक्का.

आता तक्रारी. गेज अगदी सुमार. नॉब पूर्ण बंद करूनही काटा शून्याच्या वर थबकलेला, टिचकी मारल्यावर खाली आला. मी तो उघडून दुसरा बसवला. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी निदान दुसऱ्या गेजशी ताडून घ्यावा. हे गंभीर आहे, कारण इथे दाब अगदी कमीच लागतो, एक पीएसआयच्या आसपास, म्हणजे ०.०७ बार. त्यापेक्षा बराच जास्त दिला तर ब्रीदरचा पडदा किंवा क्रँकचं जुनं ऑइल सील तुम्हीच उडवाल आणि मग गळती शोधल्याचं श्रेयही घ्याल. ‘जास्त दाब, जलद निकाल’ असं खोक्यावर छापलंय. छापणाऱ्याने जुनी गाडी कधी ठेवलेली नाही.

शंकूचं रबर फार कडक, अंडाकृती तोंडावर नीट बसत नाही. फुगा चांगला आहे, तोच वापरा. बॅटरीच्या वायरी आखूड, आणि ज्या गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा मागच्या सीटखाली असते (जुन्या आलिशान गाड्यांत हे सर्रास) तिथे त्या पोचतच नाहीत. बॉनेटखाली जंप स्टार्टचा पॉइंट असतो त्यावर लावावं लागतं. मॅन्युअल म्हणजे दोन पानं आणि तीही विनोदी. पण कॉइल आणि पंप यांना नाव ठेवायला जागा नाही: धूर दाट, एकसारखा, आणि तेल अगदी थोडं जातं.

एक इशारा. पेट्रोलच्या टाकीची बाष्पाची लाइन, म्हणजे ईव्हॅप, या घरगुती पेटीने तपासू नये. आत तापलेली कॉइल, पंपातून येणारी साधी हवा आणि समोर पेट्रोलची वाफ, हे तिन्ही एकत्र आणायची गरज नाही. त्या कामासाठी नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रं असतात, ते काम तिकडेच द्यावं.

जिथे पेटी हात टेकते त्या जागाही सांगते. टर्बोच्या गाडीत इंटरकूलरच्या पाइपांवर बूस्टच्या वेळी एक बार किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो. त्या दाबाला उघडणारी फट पेटीच्या फुंकरीला दाद देत नाही. ब्रेक बूस्टरच्या होजमध्ये एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो. मॅनिफोल्डकडून आलेला धूर तिथेच अडतो, म्हणून बूस्टरचा पडदा फाटला असला तरी दिसणार नाही. गाडी तापल्यावर अचानक बंद पडते आणि निवल्यावर मुकाट चालू होते, हा बऱ्याचदा क्रँक पोझिशन सेन्सरचा खेळ. त्याच्याशी धुराचा काही संबंध नाही.

एअर सस्पेन्शनवर तर ही पेटी अजिबात चालवू नका. मर्सिडीजची डब्ल्यू२२० एस-क्लास, पहिली ऑडी ऑलरोड, एक्स३५० जग्वार या गाड्या सकाळी एका कोपऱ्यावर बसलेल्या दिसल्या की धुराचा मोह होतो. पण तिथला दाब कितीतरी बारचा आणि हवा कोरडी हवी. तेलकट धूर आत गेला तर व्हॉल्व्ह ब्लॉकचं वाटोळं. साबणाचं पाणी फवारा आणि बुडबुडे बघा. आणि लवकर बघा, कारण गळकी बेलो (इथे सस्पेन्शनची हवेची रबरी पिशवी) भरता भरता कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो.

जुन्या मर्सिडीजच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सेंट्रल लॉकिंगचंही तेच. डब्ल्यू१२३ डिझेलमध्ये चावी फिरवून काढली तरी इंजिन चालूच राहतं, हा प्रकार पहिल्यांदा बघणाऱ्याला भुताटकी वाटते. तिथे इंजिन बंद करणारी यंत्रणा व्हॅक्यूमवर चालते आणि दारांचं लॉकिंगही त्याच व्हॅक्यूमवर, म्हणून दारातला एखादा रबरी पडदा फाटला की त्याची शिक्षा इंजिनाला. दुरुस्ती दाराच्या पॅडमागे. यासाठी गेजवाला हातपंप घ्या, एकेक लाइन वेगळी करा, खेच टिकते का बघा. तेलाचा धूर त्या पडद्यांना घातक.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे: धुरासाठी पूर्ण गुण, गेजसाठी एक कापला, वायरी आणि शंकूसाठी अर्धा. एकच गाडी असेल आणि ती कधीतरीच त्रास देत असेल तर विकत घेऊ नका, ज्या वर्कशॉपकडे चांगलं यंत्र आहे तिथे फक्त स्मोक टेस्ट मागा आणि धूर निघताना स्वतः उभे राहून बघा. दोन-तीन जुन्या गाड्या असतील, किंवा मित्रमंडळींच्या गाड्या तुमच्याच दारात येत असतील, तर बिनधास्त घ्या. घेताना आत पंप असलेलीच घ्या. बाहेरचा कॉम्प्रेसर जोडावी लागणारी स्वस्त पडते, पण रेग्युलेटर थोडा जरी इकडेतिकडे झाला तरी दाब कुठल्या कुठे जातो. आणि वापरून झाली की तेल काढून मगच कपाटात ठेवा, आडवी झाली तर ते पंपात उतरतं.