घोडी नेण्यासाठी घेतलेला ट्रेलर आणि नव्या तळाखालच्या कुजक्या फळ्या

गेल्या वर्षी मी दोन जनावरे मावतील असा एक लहान, वापरलेला ट्रेलर विकत घेतला, आणि त्यानंतर सोळाव्या दिवशी माझ्या मेकॅनिकने त्याच्या तळात खालच्या बाजूने स्क्रूड्रायव्हर घातला तो थेट मुठीपर्यंत आत गेला. त्याला जोर लावावा लागला नाही. त्या तळावर माझी घोडी तोवर दोन वेळा प्रवास करून आली होती. विक्रेत्याने मला नेमके कसे फसवले हे उमगायला मला बराच वेळ लागला, कारण त्याने त्या दिवशी उच्चारलेले जवळजवळ प्रत्येक वाक्य शब्दशः खरे होते. म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

माझी घोडी १५.२ हात उंचीची आहे, म्हणजे खांद्याशी साधारण १५७ सेंटिमीटर, आणि तिचे वजन ५०० किलोच्या आसपास भरते. तिच्यासोबत मुलीचे ३०० किलोचे तट्टू न्यायचे असते. सुरुवातीला मी ट्रेलरऐवजी मालासकट ३,५०० किलो एकूण वजनाचा लहान हॉर्सबॉक्स, म्हणजे स्वतःचे इंजिन असलेली घोडे नेण्याची गाडी, घेण्याच्या विचारात होते. तसे दोन पाहिलेही. त्यांत एकाने ‘सव्वा टन माल बसतो’ असे सांगितले होते, पण तो हिशोब टाकीत इंधन नाही, चालक नाही, सोबत कोणी नाही, खोगिरे नाहीत आणि पाण्याचा डबाही नाही असे धरून केलेला होता. त्यात पुढच्या भागात कोणी झोपण्याची जागा आणि कपाटे बसवून घेतलेली असतील, तर रिकामी गाडीच २,६०० किलोच्या पुढे जाते आणि दोन मोठे घोडे चढवण्याआधीच गणित संपते. ते माझ्या वेळीच लक्षात आले, याचा मला थोडा अभिमानही वाटला होता. वजनाचे गणित आपल्याला कळते या समजुतीतच मी ट्रेलर पाहायला गेले.

ट्रेलर स्वच्छ धुतलेला होता. आत जंतुनाशकाचा वास येत होता, आणि तो मला विक्रेत्याच्या टापटिपीचा पुरावा वाटला. घोड्याच्या मुताचा जुना, डोळ्यांना झोंबणारा दर्प झाकण्यासाठीही तेच करतात, हे मला तेव्हा सुचले नाही. तळावर जाड काळी रबरी मॅट कडांना चिकटवून बसवलेली होती. विक्रेता म्हणाला, “ताई, तळ नवा टाकलाय, गेल्याच महिन्यात.” मी आत चढून दोन-तीन वेळा पाय आपटून पाहिले, आणि तळ दगडासारखा घट्ट लागला. मॅट उचलून पाहू का, असे विचारल्यावर तो म्हणाला की डिंक अजून पुरता वाळलेला नाही, उचकटली तर पुन्हा नीट बसणार नाही. मला ते पटले. खरे तर त्या एका वाक्यावर मी तिथून परतायला हवे होते.

मग त्याने टायर दाखवले. “नक्षी बघा, झिजलेलीच नाही.” ती खरोखर झिजलेली नव्हती. चेसिसला खालून ताजा काळा रंग दिलेला होता, आणि तो म्हणाला की खालून पूर्ण काम करून घेतले आहे. वजनाबद्दल मी विचारले तेव्हा त्याने मूळ कंपनीचा कागद काढून दाखवला, त्यावर रिकाम्या ट्रेलरचे वजन ९०० किलो लिहिलेले होते. एकूण किती वजन चालते, या प्रश्नाला त्याने स्वतः आकडा सांगितलाच नाही, पुढच्या दांड्यावरच्या प्लेटकडे बोट दाखवून म्हणाला, “तिथे लिहिलंय, वाचा ना.” प्लेटवर २,००० किलो होते. दोन हजारांतून नऊशे गेले म्हणजे अकराशे राहिले, आणि माझी दोन जनावरे मिळून आठशे. व्यवहार त्याच दिवशी झाला. पावती त्याने आधीच टाईप करून ठेवलेली होती.

दुसऱ्या फेरीहून परतल्यावर ट्रेलर सोडवताना माझा हात डाव्या मागच्या चाकाच्या मध्यभागी लागला आणि चटका बसला. बाकीची तीन चाके कोमट होती. एकच हब इतका तापतो तेव्हा बेअरिंगमधले ग्रीस संपलेले असते किंवा ब्रेकचा शू अडकून बसलेला असतो, एवढे मला ऐकून माहीत होते, म्हणून मी मेकॅनिकला बोलावले. तो ब्रेक पाहण्यासाठी ट्रेलरखाली आडवा झाला, आणि ब्रेकबद्दल काही बोलण्याआधीच त्याने मला खाली बोलावले.

टॉर्चच्या उजेडात मला जे दिसले ते असे होते. तळाच्या मूळ फळ्यांनाही चेसिससोबत काळा रंग फासलेला होता, त्यामुळे लांबून सगळे एकजीव दिसत होते. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला तेव्हा त्याच्या टोकाला ओल्या भुशासारखा तपकिरी लगदा चिकटून आला. मी अंगठ्याने फळीची कड दाबली, तर रंगाचा पापुद्रा तेवढा राहिला आणि लाकूड आत खचले. मग आम्ही वर जाऊन मॅट उचकटली. डिंक केव्हाच वाळलेला होता. खाली प्लायवूडचा नवाकोरा पातळ तक्ता होता आणि त्याच्याखाली वर्षानुवर्षे मूत मुरलेल्या त्या फळ्या. तळ नवा टाकला होता हे खरेच होते. जुना काढला होता असे तो कुठे म्हणाला होता?

माझ्या पाय आपटण्याला काहीच अर्थ नव्हता, हे आकडे मांडल्यावर कळते. घोड्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणजे माझी घोडी स्वस्थ उभी असतानाही तिच्या पुढच्या एकेका खुरावर दीडशे किलो येतात, आणि तेही तळहाताहून थोड्याच मोठ्या जागेत, खाली लोखंडी नाल. गाडीने ब्रेक मारला किंवा खड्डा आला की त्या क्षणापुरता हा भार आणखी वाढतो. तळ फुटून चालत्या ट्रेलरमधून घोड्याचा पाय रस्त्यावर गेल्याचे अपघात घडलेले आहेत, आणि त्यांचे वर्णन मी इथे करणार नाही. माणसाने उड्या मारून तळ तपासणे ही आपली आपणच घातलेली समजूत आहे. तो खालून तपासावा लागतो, दोन आडव्या पट्ट्यांच्या मधोमध, आणि विशेषतः मागच्या टोकाला व कडांना, जिथे ओल साठते. स्क्रूड्रायव्हर टोचून, दाबून, फळीफळीला. ॲल्युमिनियमचा तळ असेल तर तोही अजरामर नसतो. मुताने त्याला बारीक खड्डे पडतात आणि पांढरी भुकटी सुटते, पण तीही मॅटखालीच.

टायरची गोष्ट याहून सोपी होती आणि म्हणूनच मला तिची जास्त लाज वाटते. घोड्याचा ट्रेलर वर्षातले बहुतेक दिवस उभा असतो, त्यामुळे त्याची नक्षी झिजत नाही. रबर मात्र उन्हापावसात वाळत राहते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या सांकेतिक क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांत तो कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते लिहिलेले असते. आमच्या टायरवर ३८११ होते, म्हणजे २०११ सालचा अडतिसावा आठवडा. हा आकडा पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि चारही टायर ती बाजू आत येईल असे बसवलेले होते. बाहेरच्या बाजूला चकाकी आणणारा द्रव लावला होता. आतल्या बाजूला नखाची कड शिरेल एवढ्या भेगा होत्या.

ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक ओढून धरण्यासाठी जी सुरक्षा-तार असते, ती जागेवर होती. तिचे टोक तारेने पिळून ट्रेलरच्याच दांड्याला बांधलेले होते. म्हणजे दोर विहिरीत सोडायचा आणि त्याचे दुसरे टोकही बादलीलाच बांधायचे, असा प्रकार.

तरीही मला वाटत होते की तळ, टायर आणि ब्रेक बदलून ट्रेलर वाचवता येईल. मेकॅनिकने मात्र आधी काट्यावर नेऊन रिकामे वजन करायला सांगितले. ते १,१८० किलो भरले. कुणीतरी मध्यंतरी पुढे खोगिरांसाठी लोखंडी कपाट जोडले होते, बाजूंना जाड अँगल मारले होते, आणि आता वर प्लायवूड व मॅट. कंपनीच्या कागदावरचे नऊशे खरे होते, ट्रेलर कारखान्यातून निघाला त्या दिवसापुरते. तेवढ्यावरही प्लेटच्या दोन हजारांत माझी दोन जनावरे कशीबशी, फक्त वीस किलो शिलकीने बसत होती. दोन खोगिरे आणि पाण्याचा एक डबा ठेवला की संपले.

पण ती प्लेटही त्या ट्रेलरची नव्हती. तिचे चारही रिव्हेट चकचकीत होते, आणि तिच्या कडेने जुन्या, थोड्या मोठ्या प्लेटची फिकट चौकट रंगाखालून उमटलेली होती. दांड्यावर जिथे चेसिस क्रमांक ठोकलेला असतो तिथे रंगाचा जाड थर होता. मेकॅनिकने तो थिनरने पुसला तेव्हा खालून निघालेला क्रमांक प्लेटवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. दोन्ही ॲक्सलवर मात्र बनवणाऱ्याची छोटी पट्टी शाबूत होती, आणि प्रत्येकीवर ७५० किलो लिहिले होते. दोन ॲक्सल मिळून १,५०० किलो, आणि त्यांच्यावर मी दोन्ही फेऱ्यांत जवळजवळ दोन हजार किलो लादून गेले होते. हब का तापला, याचे आणखी एक उत्तर तिथे लिहिलेले होते. प्लेट बदलता येते, पण ॲक्सलवरच्या पट्टीपर्यंत वाकून कुणी जात नाही, असा त्या माणसाचा अंदाज असावा, आणि माझ्यापुरता तो बरोबर ठरला.

मी त्याच्याकडे परत गेले. तो चिडला नाही, उलट खुर्ची दिली. तळ नवा होता की नाही? होता. टायरला नक्षी होती की नाही? होती. कंपनीचा कागद खरा की खोटा? खरा. प्लेटबद्दल म्हणाला, “मी घेतला तेव्हापासून तीच आहे,” आणि ते खोटे आहे हे मी कशाने सिद्ध करणार होते? मग त्याने पावती पुढे केली. तिच्यावर माझ्या सहीच्या वर लिहिले होते की ट्रेलर प्रत्यक्ष पाहून, तपासून, आहे त्या स्थितीत स्वीकारला आहे. वकिलांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हा की यातले काय लेखी आहे. तळ कधी आणि कोणत्या भागाचा बदलला, चेसिस क्रमांक कोणता, एकूण वजन किती, हे मी त्याला एका साध्या संदेशात विचारले असते तरी त्याला एकतर लिहून खोटे बोलावे लागले असते किंवा उत्तर टाळावे लागले असते. मी सगळे तोंडी विचारले होते, आणि तेही असे की ‘हो’ म्हणता यावे. ‘तळ चांगला आहे ना?’ हा प्रश्न नव्हताच. जुन्या फळ्या कुठे टाकल्या, असे विचारले असते तर कदाचित तो अडखळला असता.

यानंतर मी आणखी चार ट्रेलरची चौकशी केली. प्रत्येक वेळी आधीच कळवले की मॅट काढून ठेवा, मी खाली आडवी होणार आहे, आणि घेण्याआधी रिकामा ट्रेलर काट्यावर नेणार आहे. दोघांनी परत फोन केला नाही. तिसऱ्याचा ट्रेलर दिसायला सगळ्यांत भिकार होता, रंग उडालेला, एका कोपऱ्यात पत्रा चेपलेला. पण त्याने मॅट काढून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि फळ्या उघड्या, कोरड्या होत्या. चेसिसला रंग नव्हता, त्यामुळे गंज कुठे वरवरचा आहे आणि कुठे खाल्लेले आहे हे हातोडीने ठोकून कळत होते. आम्ही तो रिकामाच वीस किलोमीटर ओढून नेला, उतरून चारही हबांना हात लावले आणि एकेक चाक जॅकवर उचलून हलवून पाहिले. तोच घेतला. घोडी आत शिरल्यावर तिला मान खाली सोडता येते का, आणि तोल सावरायला पाय फाकवता येतात का, एवढे मात्र तिला प्रत्यक्ष चढवल्याशिवाय कळले नसते, म्हणून पैसे देण्याआधी तेही केले.

जुन्या ट्रेलरसाठी महिन्याभराने त्याच विक्रेत्याचा फोन आला. पडूनच असेल तर चौथाई किमतीत परत घेतो म्हणाला. ती रक्कम मला तेव्हा उपयोगी पडली असती. पण प्लायवूडचा आणखी एक तक्ता किती पैशांत मिळतो हे मला आता माहीत होते, म्हणून मी भंगारवाल्याला बोलावले आणि माझ्यासमोर गॅस कटरने चेसिसचे तीन तुकडे करून घेतले. प्लेट तेवढी आधीच काढून ठेवली होती. ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.