सिरीज हायब्रिड: जनरेटरचा डायोड ब्रिज काढून कंट्रोलर लावल्यानंतरचा अनुभव

सिरीज हायब्रिड म्हणजे इंजिन फक्त वीज तयार करतं, चाक मोटर फिरवते. सेटअप असा: एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्याला कपलिंगने जोडलेली पर्मनंट मॅग्नेट मोटर जनरेटर म्हणून, २४ सेलची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी (नॉमिनल ७६.८, फुल ८७.६ व्होल्ट) आणि चाकासाठी वेगळी मोटर. जनरेटरला आधी तीन फेजचा डायोड ब्रिज (एसीचं डीसी करणारा) होता. आता तिथे एफओसी कंट्रोलर (मोटरचा करंट सांभाळून टॉर्क नेमका ठरवणारा) आहे, आणि बरेच महिने वापरल्यावर ब्रिजकडे परत जावंसं वाटत नाही.

ब्रिजमध्ये जनरेटरचा व्होल्टेज बॅटरीच्या वर जाईपर्यंत करंट शून्य. एकदा वर गेला की थोड्याशा आरपीएमवर करंट झपकन चढतो. म्हणजे इंजिनचा वेग बॅटरीच ठरवते. कंट्रोलरमुळे वेग आणि टॉर्क वेगवेगळे हातात येतात: ३००० आरपीएमला १० न्यूटन-मीटर म्हणजे शाफ्टवर ३.१ किलोवॅट, ८५ टक्के धरले तर बॅटरीत साधारण ३५ अँपिअर.

ट्यूनिंगमध्ये खरी डोकेदुखी एकच. थ्रॉटलचा सर्वो आणि जनरेटर, दोघांनाही आरपीएम धरायला लावलं की इंजिन सतत वर-खाली होत राहतं. वेग जनरेटरने धरावा, कारण त्याचा टॉर्क मिलिसेकंदांत बदलतो. थ्रॉटलने फक्त पॉवर ठरवावी, तीही सावकाश. पॉवर वाढवताना आधी आरपीएम, मग लोड. उतरवताना आधी लोड सोडायचा. लोडला दोन-तीन सेकंदांचा रॅम्प (हळूहळू चढ) नसेल तर थंड इंजिन हमखास बंद पडतं.

इंजिन कधी चालू करायचं हे व्होल्टेजवर ठरवू नका. एलएफपीचा व्होल्टेज बराच वेळ सपाट असतो आणि चढावर दबतो, मग इंजिन उगाच चालू-बंद होतं. शंट (करंट मोजणारा छोटा रेझिस्टर) लावून अँपिअर-तास मोजा; बॅटरी ४० टक्क्यांवर आली की इंजिन चालू, ७० ला बंद हे ठीक चालतं. अगदी थोडा वेळ चालवून बंद केलं तर ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल साचतं, म्हणून किमान वेळेची अटही टाका.

सगळ्यात महाग पडणारी चूक बीएमएसची (बॅटरीचं संरक्षण करणारं सर्किट). जनरेशन चालू असताना बीएमएसने बॅटरी तोडली, तर करंटला जायला जागाच उरत नाही, बसचा (बॅटरी आणि कंट्रोलर जोडणाऱ्या डीसी लाइनचा) व्होल्टेज उसळतो आणि कंट्रोलरमधले मॉसफेट (पॉवर स्विच) जातात. ८७.६ व्होल्टच्या पॅकवर १०० व्होल्टचे मॉसफेट म्हणजे जुगारच. १५० चे घ्या. बीएमएसचा इशारा आधी इग्निशन आणि जनरेटरचा टॉर्क बंद करायला जावा, कॉन्टॅक्टर (बॅटरी तोडणारा मोठा रिले) नंतर उघडावा. मॅग्नेटो इग्निशन (बॅटरीशिवाय स्पार्क देणारं) असेल तर किल वायर (इंजिन बंद करणारी) रिलेने बॉडीला टेकवायची, तिला १२ व्होल्ट कधीच द्यायचे नाहीत.

इंजिनचा मूळ गव्हर्नर काढू नका. लोड अचानक सुटला की वेग रोखणारं तेवढंच उरतं. जनरेटरही त्याच हिशेबाने निवडा: केव्ही (एका व्होल्टमागे किती आरपीएम) २० असेल तर ३६०० आरपीएमला १८० व्होल्ट तयार होतात, आणि कंट्रोलर बंद असला तरी ते मॉसफेटच्या आतल्या डायोडमधून बसवर येतात. केव्ही ६० ला तेच ६० व्होल्ट.

प्रीचार्ज (बॅटरी जोडण्याआधी कंट्रोलरचे कपॅसिटर हळू भरणं) सोपं आहे: दोन्ही कंट्रोलर मिळून २००० मायक्रोफॅरड असतील तर १०० ओहमचा १० वॅट वायरवाउंड रेझिस्टर, एक सेकंदात काम होतं.

याच जनरेटरने इंजिन स्टार्ट करायचं असेल तर हॉल सेन्सर (रोटरची जागा सांगणारे) लागतातच. सेन्सरलेस मोड कॉम्प्रेशनवर अडकतो. हॉलच्या वायरी शील्डेड आणि फेज केबलपासून लांब, स्पार्क प्लग रेझिस्टरवाला.

राहिलं कपलिंग. एका सिलिंडरचे टॉर्कचे झटके कपलिंगमधला रबरी तुकडा (स्पायडर) झिजवतात, विशेषतः आयडलला. खाली काळी पूड दिसली की स्पायडर बदलण्याआधी अलाइनमेंट डायल गेजने तपासा, नाहीतर नवाही तसाच जाईल.