दादरच्या फ्रोझन दुकानातला अलास्काचा सॉकाय सामन

मासा उत्तम. अलास्कात १९९० पासून सामनच्या शेतीवर बंदी आहे, त्यामुळे हा समुद्रातलाच: गडद लाल, पिंजऱ्यातल्या अटलांटिक सामनपेक्षा कमी चरबीचा. म्हणूनच सुरमईसारखा रवा लावून खरपूस तळलात तर चोथा होतो. कातडी खाली ठेवून मंद आचेवर भाजा. पांढरा साका (माशातलं गोठलेलं प्रथिन) बाहेर आला की आच जास्त झाली समजा.

फ्रीजमध्ये वितळवण्याआधी व्हॅक्यूमची पिशवी कापाच, हवाबंद पिशवीत विषारी जंतू वाढू शकतात. आत बर्फाचे खडे दिसले तर घेऊ नका.

अलास्काच्या पावसाळी किनाऱ्यावर वर्सोव्यासारखं उन्हात वाळवणं कठीण, म्हणून तिथले मूळनिवासी त्लिंगित लोक हाच मासा पट्ट्या कापून आल्डर झाडाच्या लाकडाच्या धुरात सुकवतात. तसा सुका प्रकार इथे मिळत नाही, आणि तो खरंच मागवायला हवा.