नागपूरच्या धरमपेठेतला तासावर मिळणारा रेकॉर्डिंग स्टुडिओ: वर्षभराचा अनुभव

मी दहावीच्या भूमितीचे व्हिडिओ करते. घर महाल भागात. एप्रिल लागला की कूलरशिवाय खोलीत बसवत नाही; कूलर लावला तर माइकमध्ये नुसती घरघर, बंद केला तर दहा मिनिटांत अंगाला धारा. म्हणून या स्टुडिओत जायला लागले. तासाला ३५० रुपये.

आवाज इतका स्वच्छ येतो की फळ्यावर त्रिकोण काढताना खडूची खरखरसुद्धा ऐकू येते. मुलांना तेच आवडतं, वर्गात बसल्यासारखं वाटतं म्हणतात. तिथला दादा दर वेळी आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकवतो, मगच सुरू करू देतो. ही काळजी मला फार मोलाची वाटते.

एकदा मात्र आधीच्या माणसाचं लांबलं, मला अर्धा तास उशिरा खोली मिळाली आणि पैसे पूर्ण घेतले. हे बरोबर नाही.

खर्च परवडतो का? यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम (म्हणजे लोकांनी व्हिडिओ पाहिल्याचा एकूण वेळ) लागतो. मला तिथवर पोचायला पावणेदोन वर्षं लागली. मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरातींतले ५५ टक्के आपले, पण १०० डॉलर जमेपर्यंत खात्यात काही येत नाही. म्हणून मी महिन्यातून दोनदाच जाते, सलग तीन तास घेते. सकाळची पहिली वेळ मागा, ती कधी लांबत नाही.