भरतीचा पत्ता निघाला तेव्हा

परळच्या एका सभागृहात गेल्या शनिवारी झालेल्या पूरतयारीच्या भूमिकाखेळाला मी 300 रुपये भरून गेलो, ते फारशी अपेक्षा न ठेवताच, कारण कार्यशाळा म्हटली की पडद्यावरचे तक्ते आणि मध्यंतरात वडा-चहा एवढेच सहसा पदरी पडते. इथे मात्र दारातच प्रत्येकाच्या हाती भूमिका लिहिलेला पत्ता दिला गेला. मी चौथ्या मजल्यावर राहणारा, सोसायटीचा चिटणीस. माझ्या वाट्याला आली, पाणी तुंबण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंदमाताजवळच्या चाळीतली तळमजल्यावरची भाडेकरू. जन्मभर महापालिकेच्या नावाने बोटे मोडणाऱ्या एका कापड दुकानदार काकांना वॉर्डाचा सहायक अभियंता व्हावे लागले.

असे खेळ अमेरिकेत तिथल्या एमआयटी विद्यापीठाचे लॉरेन्स सस्काइंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेल्स, डोव्हर, बार्नस्टेबल व क्रॅन्स्टन या चार ठिकाणी रहिवाशांकडून खेळून घेतले होते. आपली नव्हे, दुसऱ्याची बाजू मनापासून लढवायला लावणे, ही त्यातली मेख आहे.

परळच्या खेळात एक फेरी म्हणजे एक पावसाळा. मोजक्या सोंगट्यांत नालेसफाई, पंप, भूमिगत टाकी की स्थलांतर, हे सर्वांनी भांडून ठरवायचे आणि मग पावसाचा व भरतीचा पत्ता उलटायचा. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने, तेही ओहोटी धरून आखलेल्या आहेत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, हे आपण सारेच पाठ म्हणतो, पण मोठ्या भरतीला वाहिन्यांच्या तोंडाशीच समुद्र उभा राहतो आणि पाणी जायला वाट उरत नाही, हे मला त्या पत्त्याने खऱ्या अर्थाने समजावले. काकांनी सगळ्या सोंगट्या टाकीवर लावल्या होत्या. भरती ओसरेपर्यंत पाणी टाकीत साठवायचे, ही युक्ती हिंदमातासाठी प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली प्रत्यक्षात वापरलेली आहे, आणि खेळातही ती एक फेरी तरली. दुसऱ्या फेरीत माझा धान्याचा डबा भिजला. मी तक्रार केली, तर काका शांतपणे म्हणाले, “अर्ज द्या, बघतो.” सगळे हसले, मला मात्र खरोखरच राग आला, आणि काकांनाही आपण काय बोललो ते जरा उशिराने उमगले असावे.

उणिवाही आहेत. पत्त्यांवरची मराठी भाषांतरित आणि बोजड आहे, कोळीणीच्या पत्त्यावर ‘किनारी हितसंबंधी घटक’ असे वाचून एका मावशींनी विचारले, “म्हणजे मी नक्की कोण?” शिवाय खेळात सोंगटी ठेवली की पुढच्या फेरीला पंप तयार, निविदा नाही, फाइल नाही, ठेकेदार नाही. मुंबईत हे पटणे कठीण आहे.

सर्वांत खटकली ती वेळ. सकाळी अकराला जमलेल्या अठरा जणांत तळमजल्यावर राहणारा एकही नव्हता. ती बाजू मला मांडावी लागली. खेळाचा संच विकत मिळत नाही, पण आयोजक तो घेऊन येण्यास तयार आहेत, म्हणून आमच्या मंडळाने चाळीच्या चौकात रात्री नऊची वेळ मागितली आहे.